न कापलेलं लेबल

सप्टेंबरात सुरू होणारा सिक्स्थ फॉर्म, म्हणजे शाळेतली अकरावी, अगदी तोंडावर आला असताना फ्रेया म्हणाली, "मम्मी, लॅटिनचा वर्ग रद्द झाला. एक मुलगी गळली, उरलेल्या चौघांसाठी शाळा वर्ग चालवणार नाही."

ट्रेसीचं डोकं फिरलं. "आत्ता सांगतात? लॅटिनसाठीच तर ही शाळा धरली होती. आणि अकरावीला युनिफॉर्मऐवजी सूट लागतो म्हणून हौसेने घेतला, त्याचं काय?"

"परत देऊ. लेबल आहे अजून."

पोरगी शांतपणे टोस्टला लोणी फासत होती. एरवी टोस्ट करपला तरी हिच्या डोळ्यांत पाणी यायचं. ट्रेसी वर जाऊन सूट बघून आली. जुलैत घेतलेली पँट, वीतभर लांब, फ्रेयाने अजून आखूड करून घेतलीच नव्हती.

"फ्रेया, गळलेली मुलगी कोण गं?"

फ्रेयाने ब्रेडचा आणखी एक तुकडा टोस्टरमध्ये घातला.

"मम्मी, तुला टोस्ट देऊ?"