नाव ठेवायला जागा

नवऱ्याच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानातून तिची उचलबांगडी झाली ती धाकट्या दिरामुळे. इतकी वर्षं दुकानातला फोन तिच्याच हातात असे. कुणाच्या मशीनला तेलपाणी करायची वेळ झाली, कुणाची मोटार कुरकुरते, सगळं तिला तोंडपाठ. ती आठवणीने फोन करी आणि गिऱ्हाईक मशीन घेऊन हजर होई. मग दीर आला, एका फायलीत पत्र, दुसऱ्या फायलीत गिऱ्हाइकं अशी मांडामांड करून गेला, आणि आता दुकानातला कॉम्प्युटर दर सोमवारी सगळ्यांना आपोआप ईमेल धाडत होता. "तू आता आराम कर," नवरा म्हणाला. आराम मागितला होता कुणी?

न मागता मिळाला, म्हणूनच तिला संशय आला. आणि संशयाला पडदेवाली आयतीच सापडली. पडदे शिवणारी ही बाई तशी सरळ, पण हल्ली तिचं मशीन फारच नाजूक झालं होतं, सारखं आपलं दुकानात. नवरा जेवताना तिच्या टाक्यांचं कौतुक करी, तेही कुणी विचारलेलं नसताना. बायकोला दुकानातून हलवायचं आणि वर त्याला आराम म्हणायचं, यातलं काही न कळायला ती दुधखुळी नव्हती.

एका दुपारी डबा द्यायच्या निमित्ताने ती दुकानात गेली. नवरा मागच्या खोलीत एका मशीनचं पोट उघडून बसला होता. पुढे कॉम्प्युटर चालू होता, आणि पाठवलेल्या पत्रांत सगळ्यात वर पडदेवालीचं पत्र. तिने ते उघडलं.

'प्रिय पडदेवाली, चेहरा आणि पडदेवाली विसरणं मला जमत नाही. आमच्या कामात पडदेवाली ठेवायला जागा नाही, हे तुम्ही जाणताच. कधीही या, मी वाट बघतो.'

तिने ते पुन्हा एकदा वाचलं. ठेवायला जागा नाही म्हणे. म्हणजे ठेवायचा विचार करून झाला होता, घोडं अडलं होतं ते जागेपाशी. तिने नवऱ्याला हाक मारली आणि आवाज शक्य तितका गोड ठेवून विचारलं, "अहो, पडदेवालीला जागा हवीय का? घरातली माझी खोली देऊ?"

तो तेलकट हातांनी बाहेर आला, पत्र वाचून चक्रावला आणि त्याच्या खालचं उघडून बघू लागला. आमच्या कामात टकलू टेलर ठेवायला जागा नाही. त्याखाली बॅगवाले काका, त्यांनाही जागा नव्हती. तेव्हा कुठे त्याने कपाळाला हात लावला. पत्रात जिथे जिथे 'नाव' हा शब्द येईल तिथे कॉम्प्युटर गिऱ्हाइकाचं नाव घालेल, असं दिराने बजावून सांगितलं होतं. आणि या शहाण्याने स्वतःची फुशारकी मारायला लिहिलं होतं, 'आमच्या कामात नाव ठेवायला जागा नाही.' गिऱ्हाइकांची खरी नावं त्याला जन्मात आठवत नसत, म्हणून फायलीतही सगळी टोपणनावं. आपल्याला दुकानात काय म्हणतात ते टेलरलाही आता कळलं होतं.

नवरा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. तीही हसली. मनातलं मळभ गेलं, पडदेवालीबद्दल काय काय मनात आणलं त्याची लाज वाटली, आणि हसता हसताच ती पुढची पत्रं उघडत गेली. सगळ्यात शेवटी तिचा स्वतःचा पत्ता होता. पत्रं नीट जातात का ते बघायला नवऱ्याने तोही घालून ठेवला असणार. घरी ती ईमेल कधी उघडून बघत नसे.

'प्रिय बायको,' त्यात लिहिलं होतं. 'आमच्या कामात बायको ठेवायला जागा नाही, हे तुम्ही जाणताच.'

नवरा अजून हसतच होता. आता एकेकाला फोन करून माफी मागावी लागणार, सगळी पत्रं चुकली, असं काहीतरी म्हणत त्याने फोन तिच्यापुढे सरकवला.

तिने फोनला हात लावला नाही. "सगळी नाही चुकली," ती म्हणाली. "हे एक बरोबर आहे."