फळ्यांच्या खोलीतलं दुसरं स्टूल

आक्काच्या गावात जनावर ‘मेलं’ असं कुणी म्हणत नसे. मेलेली जनावरं डोंगरावरच्या सपाट खडकावर नेऊन ठेवायची, हे तिच्या वडिलांचं काम. लोक दारात येऊन नुसतं म्हणायचे, “दादा, पाहुण्यांना बोलवा.” की वडील दोर उचलून निघाले.

पाहुणे म्हणजे गिधाडं. आधी आभाळात एक ठिपका, मग सात-आठ, आणि बघता बघता खडकावर झुंबड. छोटी आक्का झुडपाआड पोटावर पालथी पडून बघायची. गिधाडं उतरताना पंखांचा जो वारा यायचा, तसा वारा पुन्हा कधी तिच्या तोंडावर आला नाही. पंख्याचा नाही, समुद्राचा नाही.

मग पाहुणे यायचेच बंद झाले. दुखणाऱ्या जनावरांना टोचलेलं औषध मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं. हे कळलं तेव्हा आभाळ रिकामं झालेलं. आक्काने शेवटचं गिधाड पाहिलं त्याला पस्तीस वर्षं झाली होती.

आता डोंगर राखीव झाला होता. वर मोठा पिंजरा, पिंजऱ्यात दुरून आणून वाढवलेली बारा गिधाडं. शुक्रवारी दार उघडणार आणि त्यांचं बाहेरचं पहिलं जेवण वडिलांच्याच खडकावर मांडणार. हे सगळं सांभाळणाऱ्या साहेबाला गावात ‘पक्षीवाला’ म्हणत. खडक त्याला आक्कानेच दाखवला होता.

“माणूस दिसला तर ती उतरणार नाहीत,” तो म्हणाला होता. “लपून बघायला फळ्यांची एवढीशी खोली केलीय. दोन स्टुलं मावतात. एकावर मी, दुसऱ्यावर ज्याचं जनावर खडकावर मांडलं तो.”

आक्काकडे एकच जनावर होतं. हवालदार नावाचं म्हातारं खेचर. तिचं पाऊल वाजलं की ते ताठ उभं राहायचं, म्हणून हवालदार. सोमवारी पाण्याच्या हौदाशी त्याचा पाय घसरला आणि मागचं हाड मोडलं. तेव्हापासून ते गोठ्यात आडवं होतं. पक्षीवाल्याला कळलं तेव्हा, ते गेलं तर खडकासाठी द्याल का, असं त्याने जपून विचारलं, आणि आक्काने क्षणात हो म्हटलं.

मंगळवारी दुपारी भाची पुन्हा आली. ती जनावरांची डॉक्टर.

“आक्का, सकाळी खाल्लं का त्याने?”

“खाल्लं की. थोडं.”

भाची गोठ्यामागे चक्कर मारून आली. “मग भिंतीपलीकडे एवढा भुसा कुणी ओतलाय?”

“तू चुकून डॉक्टर झालीस. पोलिसात जायचं होतंस.”

“विषय बदलू नकोस. गिधाडांना न बाधणारं औषध दोनदा दिलं, उतार नाही. आता एकच सुई उरली, कायमचं झोपवायची. पण ती दिली की त्याचं मांस विष. खोल पुरावं लागेल.”

“आणि नाही दिली तर?”

“तर आपोआप जाईल. गुरुवार, शुक्रवार. असंच कण्हत.” बॅग बंद करून ती म्हणाली, “तुझं जनावर, तू ठरव. मी चहा टाकते.”

आक्का दाराबाहेरच्या दगडावर बसली. सकाळपासून मनात एकच हिशेब चालू होता. बुधवारी गेलं तर लवकर, शनिवारी गेलं तर उशीर, गुरुवारी संध्याकाळी गेलं तर कसं बेतात. तिची तिलाच शिसारी आली. पण खडक डोळ्यांपुढून हलेना. उजवा डोळा तर गेल्यातच जमा, डावाही धुरकट. पुढच्या वर्षी पक्षीवाल्याने दहा स्टुलं मांडली तरी तिला काय दिसणार होतं?

“गुरुवारपर्यंत कळ काढ रे,” असं सांगायलाच ती उठून आत गेली.

पाऊल वाजलं. हवालदाराने मान उचलली. पुढचे दोन्ही पाय रोवले आणि उभं राहायला जोर लावला. मागचं धूड हललंच नाही. अंग थरथरलं, तोंडातून फेस आला, तरी त्याने दुसऱ्यांदा जोर लावला.

“बस! बस म्हणते ना, मेल्या!” आक्का मटकन खाली बसली, त्याची मान तिने मांडीवर दाबून धरली. “अगं ए, चहा राहू दे! सुई आण.”

भाची धावत आली. सुई भरताना तिने एकदा आक्काकडे पाहिलं. “नक्की?”

“वेळ लावू नकोस.”

दोन मिनिटं लागली. मान जड झाली, मग आणखी जड. आक्काने त्याच्या तोंडावरचा फेस पदराने पुसला.

मग तिने स्वतःच फोन लावला. “पक्षीवाले, माझं जनावर येत नाही. सुई दिली त्याला.”

“शहरातून मागवतो दुसरं. पण आक्का, ते स्टूल... नियमच आहे हो.”

“मला ठाऊक आहे. बसवा ज्याचं असेल त्याला.”

बुधवारी खड्डा खणणारा गडी आला. जमीन खडकाळ. कंबरेइतकं खणून तो पहारीवर रेलला. “बास की आता.”

“आणखी.”

खांद्याइतकं झालं. “आक्का, मी गाडला जाईन यात! जनावर पुरायचंय का विहीर पाडायचीय?”

“पाहुणे नवे आहेत, त्यांना काय कळतंय,” आक्का काठावरून वाकून म्हणाली. “चोच पोचता कामा नये. घे, आणखी हातभर घे.”