गुंडाळू न दिलेली चटई

मित्रांनो, मी तिमोर बेटावरच्या डोंगरातली एक जुनी चटई आहे. अख्खं गाव माझ्यावर बसून भांडलं, पण माझं मत एकानेही विचारलं नाही. म्हणून आज सांगते.

मला केवड्याच्या पानांपासून विणलं. लढाई संपल्यावर वरच्या वाडीतल्या बायकांनी माझी एक बाजू विणली, खालच्या वाडीतल्या बायकांनी दुसरी. दोन्ही वाड्यांचं बोलणं बंद. त्यामुळे मी एकीकडे घट्ट आणि दुसरीकडे ढिली झाले. ढिली बाजू कोणाची, यावर पहिली बैठक झाली. माझ्यावरच.

आमच्याकडचा नियम साधा आहे. तंटा मिटवायला चटई अंथरायची आणि शेवटचा माणूस 'मिटलं' म्हणेपर्यंत गुंडाळायची नाही. डुकरं चोरणारे, घरं जाळणारे माझ्यावर बसले, रडले, एकमेकांना विडा देऊन उठले. बाहेरचे पाहुणे यायचे, माझं कौतुक करायचे आणि बूट घालून माझ्यावरच उभे राहून फोटो काढायचे.

मग झेफेरिनो बसला. लढाईत त्याने एउलालिया नावाच्या विधवेचं घर जाळलं होतं आणि तिच्या मुलाला, आर्मिंदोला, ओढून नेलं होतं. आर्मिंदो परतला नाही. झेफेरिनोने सगळं कबूल केलं, माफी मागितली, डुक्कर दिलं. डुक्कर चांगलं होतं. गावाने मान डोलावली.

"गुंडाळायची का?" तोमेआजोबांनी विचारलं. गावातले तंटे तेच मिटवत.

"नाही," एउलालिया म्हणाली. "कुठे पुरलंस रे त्याला?"

"मावशी, धुकं होतं त्या दिवशी."

"मग धुकं विरेपर्यंत बसते मी."

ती बसली. नियमाप्रमाणे त्यालाही बसावं लागलं. मध्येच गावप्रमुखाची निवडणूक आली. माझ्या कोपऱ्यावर पेटी ठेवून मतदान झालं. निवडून आलेल्या बाईंनी पहिला हुकूम काढला, की सर्वांनी चटईला वळसा घालून जावं. एका कोंबडीने माझ्यावर अंडी घातली. बैठक चालू असल्यामुळे तिलाही कोणी उठवलं नाही.

एउलालिया रोज झेफेरिनोला मक्याची पेज वाढायची.

"खा रे मेल्या. तू गेलास तर मला सांगणार कोण?"

"मावशी, मीठ नाही यात."

"मीठ बोलणाऱ्याला मिळतं."

एका सकाळी त्याने पेजेला हात लावला नाही. म्हणाला, "पुरलंच नाही, मावशी. नदीत सोडलं. पाणी खूप होतं."

"धुकं नव्हतं?"

"नव्हतं."

ती इतके दिवस बसली होती ती एका जागेसाठी, आणि जागाच नव्हती.

मग ती उठली आणि आर्मिंदोचा सदरा घेऊन आली. घर जळालं तेव्हा तो बाहेर वाळत होता, म्हणून वाचला होता. तिने तो माझ्यावर पसरला, बाह्या सरळ केल्या आणि मला स्वतःच्या हातांनी गुंडाळलं. माणसाएवढी लांब मी, तिला एकटीला उचलेना. लोक पुढे झाले. तिने त्यांना थांबवलं आणि झेफेरिनोकडे बघून म्हणाली,

"पायाकडचं टोक धर. डोक्याकडचं मी धरते."

आता मी दफनभूमीत, त्या सदऱ्याभोवती आहे. गावाने प्लास्टिकची नवी चटई आणली आहे. ती पटकन गुंडाळता येते म्हणे. मित्रांनो, मला त्याचीच काळजी वाटते. तिच्यावर कधीतरी एखादी बाई बसून राहील, सगळे उठले तरी उठणार नाही. तिला हाताला धरून उठवू नका. तिच्याजवळ बसा.