वाफेला वाट

बाबांनी पुतळ्याच्या पाठीला गाल लावला आणि डोळे मिटून तसेच उभे राहिले. बारा फूट उंचीची, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मातीची बाई, आणि तिला टेकलेला जन्मभर मडकी घडवलेला म्हातारा.

"गार लागतेय. आत ओल आहे अजून. चार दिवस थांब."

पुतळा उद्या इथेच, लोकांसमोर भाजायचा होता; निमंत्रणं वाटून झाली होती, चौकात खुर्च्या मांडल्या होत्या, शेजारी दोन पत्रकार वह्या उघडून उभे होते. शिल्पकार लेकीचं डोकं फिरलं.

"बाबा, हे मडकं नाहीये." मग पत्रकारांकडे वळून, हसत, "त्यांना यातलं काही कळत नाही हो."

बाबाही हसले. तीच तर पंचाईत. भांडले असते तर तिला रात्री झोप लागली असती.

सकाळी ती पोचली तेव्हा कामगारांनी पुतळ्याची पाठ आगीत न जळणाऱ्या जाड पांढऱ्या पांघरुणात गुंडाळलीही होती. मग पुढची बाजू झाकली गेली, पुतळ्याभोवतीच भट्टी झाली आणि खाली लाकडं पेटली. दीड दिवस ती प्रत्येक बारीक आवाजाला दचकत होती. ओल्या मातीत वाफ कोंडली की माती फुटते, हे तिला सातव्या वर्षी बाबांनीच शिकवलं होतं. आता विचारणार तरी कुठल्या तोंडाने?

दुसऱ्या संध्याकाळी दोर ओढले. पांघरूण खाली गळलं आणि लालबुंद बाई धडधाकट बाहेर आली. टाळ्यांचा कडकडाट झाला. ती मात्र मागच्या बाजूला धावली.

मानेपासून कमरेपर्यंत बारीक भोकांची ओळ होती, आणि प्रत्येकातून आतला पिवळा उजेड दिसत होता. ही भोकं तिने पाडली नव्हती. सायकलच्या तारेएवढी होती ती. मातीच्या जाड घोड्यांच्या पोटाला बाबा अशीच पाडायचे, वाफेला वाट म्हणून.

"काय पाठ आहे!" एक पत्रकार मुलगी धापा टाकत आली. "ही कल्पना सुचली कशी तुम्हाला?"

चार पावलांवर बाबा उभे होते. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी गुंडाळलेली होती.

"सुचली," ती म्हणाली. म्हणाली आणि वाटलं, फुटला असता पुतळा तर बरं झालं असतं.

मुलगी बाबांकडे वळली. "आजोबा, तुम्हाला कसं वाटलं?"

बाबांनी चिंधीचा हात हळूच पाठीमागे नेला.

"मला यातलं काही कळत नाही हो," ते हसून म्हणाले.