भिमाजीचा निळा बेस

मी भिमाजीचा बेस बोलतोय. जरा जोरात बोलतोय, सांभाळून घ्या. बरीच वर्षं तोंड बंद होतं, आता धीर धरवत नाही.

दिसायला मी गिटारचाच थोरला भाऊ. मान लांब, अंग जड, तारा चारच, पण जाडजूड. घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला बघून एकच विचारतो, "ह्याच्या दोन तारा तुटल्यात का?" अरे बाबांनो, मी जन्मलोच चार तारा घेऊन! गाण्याच्या तळाशी राहून त्याला उचलून धरायचं, हे माझं काम. पुढं गायक मिरवतो, ढोलकीवाला टाळ्या घेतो आणि मी खालून धम्म धम्म करत राहतो. त्याचं वाईट वाटतं का? थोडं वाटतं. खोटं कशाला बोलू.

माझा जन्म कोलकात्याच्या एका लहानशा कारखान्यातला. तिथून मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात गेलो. तो मोडला आणि मी जुन्या वाद्यांच्या ढिगात पडलो. तिथून मला भिमाजीनं उचललं. तो तेव्हा नाशकात, सातपूरच्या एका कारखान्यात प्रेसवर कामाला होता. दिवसभर पत्र्याशी झुंजणारा माणूस, पण माझ्या तारेवर बोट टेकवायचा ते झोपलेल्या लेकराच्या गालावर टेकवावं तसं. ओव्हरटाइम करकरून त्यानं मला घेतलं आणि हिरामणच्या भीमगीतांच्या पार्टीत उभं केलं.

काय दिवस होते ते! एप्रिल आला की टेम्पोत बसून आम्ही चांदवड, वणी, सटाणा पालथं घालायचो. सटाण्याला एकदा कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारा थेट स्टेजवर चढला आणि माझ्या अंगावर हात ठेवून अहिराणीत म्हणाला, "भाऊ, हाई भारी शे!" म्हणजे, हे भारी आहे! माझं कौतुक करणारे मुळातच थोडे, त्यामुळे ते शब्द मी आजवर जपून ठेवलेत.

मग कीबोर्ड आला. तो एकटाच चार वाद्यांचे आवाज काढायचा, त्यात माझाही. पार्टीनं मला रजा दिली आणि भिमाजीच्या बाहेरच्या खोलीत खिळ्यावर माझी कायमची वस्ती झाली.

आता सुलाबाईबद्दल सांगायला हवं. भिमाजीची बायको. आमच्या कॉलनीत जयंतीआधी घराला रंग लागतोच, दाराखिडक्यांना निळा ऑइलपेंट. डब्यात उरलेला रंग वाया घालवणाऱ्यांतली सुलाबाई नव्हे. "सगळं घर नवं कोरं, आन् हाच बिचारा जुनाट दिसायचा?" असं म्हणत दर वर्षी ती मलाही एक हात मारायची. आधी फडक्यानं पुसायची, मग ब्रश घ्यायची, एक फट म्हणून सोडायची नाही. मला गुदगुल्या व्हायच्या. खरं सांगायचं तर मी त्या दिवसाची वाटच बघायचो.

एका वर्षी रंगाच्या दुसऱ्याच दिवशी भिमाजीला हुक्की आली. त्यानं मला उतरवलं, केबल लावून स्पीकरला जोडलं, तार छेडली. आवाज नाही. पुन्हा छेडली. नाहीच. त्यानं केबल काढून तिच्या टोकाकडं पाहिलं, सुलाबाईकडं पाहिलं आणि मला परत खिळ्यावर टांगलं. "म्हातारा झाला गडी," एवढंच म्हणाला. त्यानंतर मला कोणी हात लावला नाही, सुलाबाईचा ब्रश सोडला तर.

यंदा मला खाली उतरवलं ते चैतालीनं. ही त्यांची लेक, पतसंस्थेत कारकून आहे. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या बेसवर शिकली, घरात पत्ता लागू दिला नाही. आणि बहाद्दरणीनं परस्पर हिरामणकाकांना सांगूनही टाकलं, "जयंतीला बेस मी वाजवणार. पप्पांचाच."

हिरामण म्हणाला, "वाजव की पोरी. पण रविवारच्या तालमीत वाजला तर वाजला. नायतर आपला कीबोर्ड हायच."

म्हणजे माझा फैसला रविवारी. स्टेज, नाहीतर पुन्हा खिळा!

चैताली मला दुकानात घेऊन गेली. दुकानदारानं माझी वाकलेली मान पाहिली, गंजलेल्या तारा पाहिल्या आणि म्हणाला, "मॅडम, एवढ्या खर्चात नवा येईल. हा शोपीस म्हणून ठेवा." शोपीस! मला! पण भिमाजीच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, घरात हात आखडता. चैताली मला उचलून घरी आली आणि म्हणाली, "आपणच करू."

मग काय धमाल उडाली! माझ्या मानेत एक सळई असते. भिमाजीनं हत्यारांच्या पेटीतली एलन की, म्हणजे सहा कोनांची किल्ली, काढली आणि ती सळई हळूहळू पिळत मान सरळ केली. नव्या तारा परवडेनात, तेव्हा जुन्याच उकळायच्या ठरल्या.

"तारा उकळत्यात का कुठं?" सुलाबाई ओरडली. "शेवया हायत का त्या?"

"मम्मी, मळ निघतो त्यानं. आवाज खुलतो."

"चहाचं पातेलं नाय मिळायचं. ते चेपलेलं घे."

आणि नंतर स्वतःच उलथनं घेऊन ढवळत उभी राहिली. मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात, ती पट्टी चिरली होती. भिमाजीनं कपाटातून आपला कॅरमचा स्ट्रायकर आणला. त्याला हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती. "घे, घास हा," तो म्हणाला. घासून घासून पट्टी झाली आणि माझ्या मानेवर चपखल बसली. मी तर नवरदेवासारखा ऐटीत होतो.

शनिवारी केबल कशीबशी आत रेटली. आवाज नाही.

चैतालीचा चेहरा पडला. केबल जिथं जाते तिथलं झाकण तिनं उघडायला घेतलं, तर स्क्रूच सापडेनात, रंगानं लिंपलेले. ब्लेडनं कोरून तिनं ते काढले. आत निळ्या रंगाचा गोळा होता, वर्षानुवर्षांचे थर बसून घट्ट झालेला.

सुलाबाई वाकून बघत होती. "म्हंजी हे माझ्यामुळं?"

मग भिमाजी हळूच म्हणाला, "मला ठाऊक होतं. त्या वर्षी केबल काढली तेव्हा टोकाला निळा रंग होता."

"आन् बोलला नाय?"

"तू एवढ्या मायेनं रंगवायचीस. तुझा हात धरायचं जिवावर आलं. म्हटलं, असू दे गप."

सुलाबाईचे डोळे भरले, आणि ती कडाडली, "येडे हाय का तुम्ही? म्या कशापायी रंगवायची? तुम्ही पुन्हा वाजवावा म्हणून! मला वाटायचं, जुनाट दिसतोय म्हणून घेत नाय हातात!"

मी थक्क झालो. दोघांनी मला एवढा जीव लावला आणि दोघांनी मिळून मला मुकं केलं!

सुलाबाईनं दाभण घेतलं, थिनरचा बोळा घेतला आणि तो गोळा कणाकणानं स्वतः काढला. "अंगावरचा बी काढते," म्हणाली. भिमाजीनं तिचा हात धरला. "तो राहू दे. तो त्याचाच हाय आता."

चैतालीनं केबल लावली. खर्रर्र झालं. आणि मग... धम्म! मांडणीवरची ताटं थरथरली, सुलाबाई दचकून मागं सरकली, भिमाजी टाळी पिटून लहान पोरासारखा हसला. काय सांगू तुम्हाला, मला आतून कोणी उघडल्यासारखं झालं!

तालीम झाली, हिरामणनं मान डोलावली, आणि आज मी जयंतीच्या स्टेजवर आहे. पुढं माणसांचा समुद्र आहे. पहिल्या रांगेत भिमाजी आणि सुलाबाई बसलीत. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा सुलाबाई त्याच्या कानाशी लागली, "ह्यातला आपला आवाज कोणता?"

भिमाजीनं तिचा तळहात आपल्या हातात घेतला आणि माझ्या एकेका ठोक्याबरोबर त्यावर बोट टेकवत राहिला. कडवं सरेपर्यंत ती त्या बोटाकडं बघत राहिली.

"हा व्हय?" ती म्हणाली. "हा तर मी लग्नापासनं ऐकते! मला वाटायचं, ढोलकीच हाय!"

घ्या! मला राग यायला हवा होता, पण इतका आनंद मला सटाण्याच्या त्या म्हाताऱ्यानंही दिला नव्हता.

तुमच्याही घरी माझ्यासारखा कोणी मुका टांगलेला असेल, तर त्याला एकदा खाली उतरवा. आणि मायेपोटी कोणी गप्प बसलेलं असेल, तर त्यालाही बोलतं करा. बरं, मी निघतो. चैतालीनं पट्टा खांद्यावर घेतलाय, दुसरं गाणं सुरू होतंय, आणि पहिल्या रांगेत सुलाबाईनं आपणहून तळहात पुढं केलाय.