मामाचा वाटा

गोराताने ओत्सिलेचं मनगट धरलं तेव्हा सुरीचं टोक बैलाच्या हृदयाला टेकलंच होतं.

लग्नाचा बैल पहाटे कापला होता. तीन पायांची भांडी चुलींवर चढली होती, बायका गात होत्या. आणि हृदय बाहेर काढलं की लगेच उभं चिरून रक्त काढायचं, ही ओत्सिलेच्या हाताची सवय.

"अख्खं दे," ती म्हणाली. "वरच्या नळ्या लांब ठेव."

"बाबांचा वाटा आहे तो, नर्सबाई. इंजेक्शन देतेस का त्याला?" ओत्सिले म्हणाला.

पुरुष हसले. या घराण्यात भाचीच्या लग्नातलं हृदय मामाचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नवरी गोराताची धाकटी बहीण. मामा, म्हणजे ओत्सिलेचा बाप रामोगापी, खुर्चीत बसला होता. पाय सुजलेले, बुटांच्या नाड्या सुटलेल्या. त्याच्या हृदयातली एक झडप नीट मिटत नव्हती. सोमवारी राजधानीत, गॅबरोनच्या इस्पितळात ती दुरुस्त व्हायची होती. ही तारीख गेली तर पुढची पाहायला तो असेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यावर त्याने घरभर सांगून टाकलं होतं, सोमवारी मी गुरांना पाणी पाजायच्या बोअरवर असेन. आणि मला उघडायला मी काय लग्नाचा बैल आहे?

बोअरच्या इंजिनघराची किल्ली त्याच्या गळ्यात होती. ती त्याने पोटच्या पोरालाही कधी दिली नव्हती.

गोराता हृदय घेऊन त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"मामा, शिजवण्याआधी जरा वेळ उसनं द्याल?"

त्याने आपल्या बहिणीकडे, गोराताच्या आईकडे पाहिलं. ती भांड्यात पळी फिरवत राहिली. शेवटी त्याने मान डोलावली.

पाण्याची नळी आली. गोराताने ती डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात घातली. पाणी खाली उतरलं, खालचा कप्पा तट्ट फुगला. तिने नळी काढली, दोन्ही हात खालून लावले.

दाब.

वरच्या जाड नळीतून पाणी असं उसळलं की नवरदेवाच्या काकाची टोपी भिजली. गाणं थांबलं. बायका चुली सोडून धावल्या.

सोड.

"परत कर," मामा म्हणाला.

परत टोपी. या वेळी काका स्वतःच पुढे सरकला होता. गोराता भरभर सांगत सुटली. रक्त वरून खाली येतं, खालचा कप्पा आवळतो, मधली झडप मिटते, मागची वाट बंद, मग जायचं कुठे? पुढे, अंगभर. उजवीकडेही हेच, फक्त तिथलं रक्त फुप्फुसांत जातं, हवा घ्यायला.

"आणि इंजिन कुठाय?" ओत्सिलेने विचारलं.

"भिंतच इंजिन."

मामाने खुर्ची पुढे ओढली. आत बोट घातलं. ओल्या कागदासारखी पातळ झडप, तिला खालून ताणून धरणाऱ्या दोऱ्या.

"बोअरच्या तळाशी अशीच असते," तो पुटपुटला.

"आता तुमची दाखवते."

तिने सुरी आत घालून दोन दोऱ्या कापल्या. पाणी भरलं.

दाब.

वर जेमतेम चूळभर आलं. बाकीचं मागे फिरलं, तिच्या कोपरांवरून ओघळत नव्या कपड्यांवर सांडलं. कुणी हसलं नाही.

मामाने हृदय तिच्या हातून घेतलं. स्वतः भरलं.

दाब. सोड. दाब.

जोर लावला तरी मागेच. पुन्हा भरलं. कपाळावर घाम आला, तोंडाने श्वास सुरू झाला. बोटं थकली तेव्हा त्याने ते मांडीवर ठेवलं, आणि ओला हात नकळत छातीवर गेला. तिथलं थांबलं नव्हतं.

"हे झोपेतही असंच उपसत बसतं?"

"हो, मामा."

मामाने छातीवरचा हात काढला. मग हृदय ओत्सिलेकडे सरकवलं. "चीर आता."

ओत्सिले सुरी पुसत होता. मामाने गळ्यातली किल्लीची दोरी काढली, हातात जरा तोलली आणि त्याच्यासमोर धरली.

"इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होत नाही," तो म्हणाला. "चिडायचं नाही. थांबायचं, मग परत. आणि काळी गाय मागे राहते. सोमवारी तिला आधी पाणी दे."