सत्कार ठरल्यावरचा पाठ

पलूसकडच्या एका गावातल्या दिग्विजय गुरुजींना आदर्श शिक्षक व्हायचं होतं. नुसते शिक्षक ते बारा वर्षं होतेच, पण तेवढ्यानं त्यांचं भागेना. मेहुण्याला पुरस्कार मिळाल्यापासून घरात भाजीला मीठ कमी आहे म्हणायचीसुद्धा त्यांना चोरी झाली होती. यंदा एकदाचं नाव पुढं गेलं, आणि गुरुवारी समिती वर्गात पाठ बघायला येणार असं ठरलं.

पाठ कसला घ्यावा? दुसरीच्या पोरांना बेरीज-वजाबाकी काय, कुणीही शिकवील. गुरुजींनी क्रियाविशेषण काढलं. ज्या शब्दाला सहावीची पोरं बिचकतात, तो दुसरीच्या पोरांनी उलगडून दाखवला की समिती गार, असा त्यांचा होरा.

खरं तर अवघड काही नव्हतं. पोरं दिवसभर पळतात, पडतात, भांडतात. कसा पळालास, कुठं पडलास, कवा आलास, एवढं विचारत बसलं तरी पुरे. पण बसतो कोण? गुरुजींनी फळ्यावर एकवीस वाक्यं लिहिली आणि एकवीस पोरांना एकेक वाटून टाकलं. 'कासव हळू चालते' सूरजला. 'मोर थुईथुई नाचतो' प्रांजलला. आपापलं पाठ करायचं, दुसऱ्याच्या वाक्याला तोंड लावायचं नाही. प्रश्न आला की ओळीनं उठायचं. पंधरा दिवस वर्गात दुसरं काही झालं नाही.

इकडं गुरुजींचे चुलते, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले हंबीरराव, वेगळ्याच तयारीला लागले होते. "रविवारी सत्कार. फेटं सांगितल्यात, मटण सांगितलंय."

"आवं आबा, अजून निकाल न्हाई."

"निकालानंतर सगळीच करत्यात. वरच्या आळीनं मतं मोजायच्या आधी गुलाल उधळला, आन् आपण हात बांधून बसायचं व्हय?"

गुरुजी नको नको म्हणाले. फ्लेक्ससाठी फोटो मात्र त्यांनी तीनदा काढून घेतला.

गुरुवारी समितीची तीन माणसं आली. प्रमुख होत्या खंडाळ्याकडच्या राजनंदिनी मॅडम, अंगानं भरलेल्या आणि चेहऱ्यानं हसऱ्या. गुरुजींनी पाठ सुरू करायच्या आत त्यांनीच पुढं होऊन विचारलं, "सांग बाळा, मी वर्गात कशी आले?"

सूरज ताडकन उठला. "कासव हळू चालते!"

मॅडमनी तसंच हसत पुढचा प्रश्न टाकला, "शाळा कधी भरते?"

"मोर थुईथुई नाचतो!" प्रांजल ओरडली.

"असं होय! आणि गुरुजी तुम्हांला कसं शिकवतात?"

आता पाळी शिवतेजची. त्याचं वाक्य गुरुजींना आठवलं. त्यांनी डोळे वटारले, मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं. शिवतेजला वाटलं, उशीर झाला म्हणून रागावलेत. त्यानं छाती काढून ठणकावलं, "कुत्रा विनाकारण भुंकतो!"

समितीतले दोघे घाईघाईनं खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर फाटकावर हंबीररावांचं काम जोरात चाललं होतं. रविवारपर्यंत दम निघणारा माणूसच नव्हे तो. शिडी लावून स्वतः फ्लेक्स बांधत होते.

"चला रे, सगळे व्हरांड्यात," मॅडम म्हणाल्या. "काय चाललंय, ते कसं चाललंय, तुमच्या शब्दांत सांगायचं."

पोरं आधी गुरुजींकडं बघत राहिली. वाटून दिलेल्या वाक्यांत शिडी नव्हती. मग सूरज हळूच म्हणाला, "आबा भीत भीत चढत्यात."

"वा! अजून?"

"फोटू वाकडा लागलाय!"

"दोरी गपकन तुटली!"

"आबा लय मोठ्यांदा बोलत्यात!"

"काय बोलतात?"

"ते शाळंत सांगत न्हाईत मॅडम."

पंधरा दिवस मुंडी खाली घालून बसलेला वर्ग एकाएकी उकळायला लागला. मॅडम खो खो हसत होत्या. गुरुजींना तेवढ्यापुरतं बरं वाटलं, मघाचं सगळं धुऊन निघेल असंही वाटलं. तेवढ्यात मॅडमनी प्रांजलला फ्लेक्स वाचायला सांगितलं.

तिनं एकेक अक्षर जुळवत वाचलं, "आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाल्याबद्दल दिग्विजय गुरुजींचे हार्दिक अभिनंदन."

"अगं बाई! कधी मिळाला?"

प्रांजलनं जरा विचार केला. "आधीच."

जाताना मॅडमनी शेरेबुकात लिहिलं, 'मुले हुशार आहेत. शिक्षक गप्प बसले की उत्तम शिकतात.' गुरुजींनी ते चारदा वाचलं आणि चारही वेळा तेच निघालं. शनिवारी निकाल लागला. पुरस्कार दुसऱ्याच शाळेतल्या शिक्षकाला गेला होता. गुरुजी परसदारी जाऊन गुपचूप रडले.

पण सत्कार थांबतोय होय? "मटणाला काय सांगू, माघारी जा म्हणून?" हंबीरराव गरजले. रविवारी फेटा बांधून गुरुजींना स्टेजवर बसवलं. पुरस्काराचं नाव कुणी काढलं नाही आणि टाळ्यांनाही कुणी हात आखडला नाही. हार गळ्यात पडल्यावर गुरुजीही खुलले. एवढी माणसं आलीत म्हणजे आपण काहीतरी असणारच, असं त्यांना मनापासून वाटायला लागलं.

शेवटी विद्यार्थ्यांचं मनोगत. प्रांजलला माइकपुढं उभं केलं. गुरुजींनी पाठ करून घेतलेलं भाषण तिच्या डोक्यातून पार उडालं होतं. तिनं समोरची गर्दी बघितली, मागं वळून गुरुजींकडं बघितलं, आणि दिसलं ते सांगितलं.

"गुरुजींना बक्षीस मिळालं न्हाई. तरी गुरुजी खुशाल बसल्यात."

मांडवानं टाळ्या वाजवल्या. शेवटच्या भाषणानंतर ताटं मांडणार होते, त्यामुळं कुणी ऐकतच नव्हतं. ऐकलं फक्त गुरुजींनी. त्यांची कानशिलं तापली. सवयीनं त्यांनी त्या वाक्यात चूक शोधली. एकही सापडली नाही.